बाळाचे पाऊल वाकडे दिसले तर: सीमाभागातील पालकांसाठी बालअस्थिरोग उपचारांची माहिती

माझ्या धाकट्या मुलाचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात ऐन पावसाळ्यात झाला. त्याची दोन्ही पावले आत वळलेली होती आणि तळवे समोरासमोर आले होते. घरात पहिला प्रश्न निघाला तो ग्रहणाचा: गरोदरपणात ग्रहण पाळले होते का, त्या वेळी विळीला हात लावला होता का. कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, हा प्रश्न निघायला मात्र तीन आठवडे गेले. आज तो मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि शाळेच्या मैदानावर इतरांच्या बरोबरीने धावतो. गेली काही वर्षे मी आसपासच्या गावांतील पालकांसोबत प्लास्टरच्या दिवशी दवाखान्यात जाते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी जे वारंवार समजावले आणि घरी करताना आम्हाला जे अडले, ते येथे लिहिले आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो.

मुलांच्या हाडांचा डॉक्टर वेगळा का

मोठ्या माणसाचे हाड वाढून थांबलेले असते. लहान मुलाचे हाड रोज वाढत असते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक मऊ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथूनच वाढते. तिला इजा झाली आणि ती वेळीच ओळखली गेली नाही, तर हात किंवा पाय पुढच्या काही वर्षांत आखूड अथवा तिरका वाढू शकतो. पण हीच वाढ योग्य वयात हाताशी धरली, तर जे काम मोठेपणी मोठ्या शस्त्रक्रियेनेही नीट होत नाही, ते तान्हेपणी हलक्या हाताने आणि प्लास्टरने होते. म्हणून या विषयात 'थोडे मोठे होऊ दे, मग बघू' हा सल्ला बहुतेक वेळा महागात पडतो. आम्हालाही एका दवाखान्यात तोच सल्ला मिळाला होता, आणि पहिले प्लास्टर पडायला जो उशीर झाला, त्यातले काही दिवस त्या सल्ल्याचे होते. ऑर्थोपेडिक हा शब्दच मुळात मुलांसाठी घडलेला आहे: निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली ग्रीक भाषेतील 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो तयार केला.

पहिल्या आठवड्यात काय पाहावे

बाळाला अंघोळ घालताना, पुसताना, दुपट्यावर उताणे ठेवलेले असताना दोन्ही पाय नीट उजेडात पाहावेत. गर्भात अडचणीत बसल्यामुळे काही बाळांची पावले जन्मल्यावर आत झुकलेली दिसतात, पण अशा पावलाच्या बाहेरच्या कडेवर बोट हलकेच फिरवले तर बाळ स्वतःच पाऊल सरळ करते आणि हलक्या हाताने ते नडगीपर्यंत वर नेता येते. असे पाऊल सहसा आपोआप सुधारते. ज्या पावलाची टाच वर ओढलेली आहे, आतल्या बाजूला खोल घडी आहे, आणि जे हलक्या हाताने सरळ होत नाही, त्याला क्लबफूट म्हणतात. अशा पावलावर घरी जोर लावू नये. मालीश करणाऱ्या बाईने तेल लावून पाऊल 'ओढून सरळ' करू नये, कारण तान्ह्या बाळाची पावलातली हाडे अजून बरीचशी कूर्चेची असतात आणि जोराने ती दबतात.

साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला क्लबफूट असते. मुलांमध्ये ते मुलींच्या सुमारे दुप्पट आढळते आणि जवळपास निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. त्याचा ग्रहणाशी, विळीशी, गरोदरपणी बसण्या-उठण्याशी काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या भागात या एका समजुतीपायी कित्येक आया बाळाचे पाय दुपट्याखाली झाकून ठेवतात, आणि बाराव्या दिवशी पाळण्यापुढे जमलेल्या बायकांनी पाहू नये म्हणून जे झाकले जाते, ते डॉक्टरांपासूनही झाकले जाते.

पाऊल सरळ करण्याचे काम

यासाठी आज जगभर जी पद्धत वापरतात, ती इग्नासिओ पोन्सेती या डॉक्टरांची. मूळचे स्पेनचे असलेले हे डॉक्टर अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करत आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ही पद्धत विकसित केली. तीत सुरुवातीला शस्त्रक्रिया नसते. डॉक्टर पाऊल हातात घेऊन एक-दोन मिनिटे हळूहळू बाहेर वळवतात आणि मिळालेली जागा टिकवण्यासाठी बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून, प्लास्टर घालतात. दर आठवड्याला जुने काढून नवे घातले जाते. साधारण पाच ते सात प्लास्टरांत पाऊल आतून बाहेर येते. पहिला आठवडा संपल्यावर पालक म्हणतात की फरक दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र आईला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

प्लास्टरच्या दिवसाची तयारी घरूनच करावी. बाळाच्या पायातले वाळे, काळा दोरा, कडे आदल्या दिवशीच काढावे. बाळाला निघताना पोटभर पाजू नये; दवाखान्यात प्लास्टर घालत असतानाच पाजावे, कारण पीत असलेले बाळ पाय सैल सोडते आणि डॉक्टरांना हवी तशी जागा घेता येते. आम्ही वाटी-चमचा आणि एक जुने लुगडे बरोबर नेत असू, कारण प्लास्टरचे पाणी सगळीकडे उडते. जुने प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. प्लास्टर निघाल्यावर पाऊल काही तासांतच थोडे मागे फिरते, म्हणून ते दवाखान्यात, नवे घालण्याच्या आधी थोडाच वेळ काढले पाहिजे.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी पायाची बोटे पाहावीत. ती गुलाबी आणि ऊबदार असली पाहिजेत. अंगठा दाबून सोडला की तो पांढरा पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. बोटे पांढरी, निळी किंवा थंड झाली, सुजली, बाळ कशानेही शांत होत नसले, तर रात्र असली तरी दवाखान्यात जाऊन प्लास्टर काढून घ्यावे. बोटे आत सरकून दिसेनाशी झाली, तर प्लास्टर खाली घसरले आहे असे समजावे. असे घसरलेले प्लास्टर पावलाला चुकीच्या जागी दाबते, म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नये. लंगोट किंवा डायपर प्लास्टरच्या वरच्या कडेच्या आत न खोचता बाहेर ठेवावे. कुबट वास आला तरी दाखवावे.

शेवटी टाच मात्र बहुतेक बाळांची वरच ओढलेली राहते. त्यासाठी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, बारीकशा छेदातून कापतात. हे ऐकून घरची मंडळी घाबरतात, आणि 'शीर कापली तर मूल चालणार कसे' हा प्रश्न मी प्रत्येक कुटुंबात ऐकला आहे. तान्ह्या बाळात हे काम बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत होते, टाके सहसा लागत नाहीत, आणि त्यानंतर घातलेल्या तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये ती शीर योग्य लांबीत पुन्हा जुळून येते.

पट्टीचे बूट: हा उपचार घरचा आहे

शेवटचे प्लास्टर निघाल्यावर पाऊल इतके सुंदर दिसते की उपचार संपला असे वाटते. खरे तर निम्मे काम इथून पुढे आहे, आणि ते पूर्णपणे घरच्यांचे आहे. दोन बूट एका आडव्या पट्टीवर बसवलेले असतात. वळलेल्या पावलाचा बूट ६० ते ७० अंश बाहेर वळवलेला असतो, चांगल्या पावलाचा ३० ते ४० अंश, आणि पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असते. पहिले तीन महिने हे बूट दिवसातून २३ तास घालायचे, म्हणजे फक्त अंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, आणि ते वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत.

चार-पाच वर्षे हा आकडा ऐकून आमच्या घरात शांतता पसरली होती. माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना घरात लग्न होते. पाहुणे होते, जागा अपुरी होती, आणि पंधरा दिवस बूट पेटीत राहिले. पुन्हा घालायला गेलो तेव्हा टाच बुटात खाली बसेना. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी आणखी तीन प्लास्टरे घातली आणि पुन्हा तीन महिने २३ तासांवर आणले. क्लबफूट पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण बूट न घालणे हेच आहे, हे मला त्या पंधरा दिवसांनी शिकवले.

बूट घालण्याची रीत अशी आहे. आधी सुती, बिनघडीचे मोजे घालावेत. गुडघा वाकवून पाऊल बुटात सरकवावे आणि टाच मागे व खाली टेकली आहे याची खात्री करून प्रथम मधला पट्टा आवळावा, नंतर लेस बांधावी. बुटाच्या आतल्या तळावर, टाच टेकलेली असताना अंगठा जिथे येतो तिथे, पेनाने एक रेघ काढून ठेवावी. पुढच्या वेळी अंगठा त्या रेघेच्या मागे राहिला तर टाच वर चढली आहे हे लगेच कळते. ही युक्ती एका फिजिओथेरपिस्टनी दाखवली आणि आजीलाही चष्म्याशिवाय जमली. जे पाऊल जास्त कठीण आहे त्याचा बूट आधी घालावा.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते, कारण आता त्याला एकेक पाय वेगळा झाडता येत नाही. पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे आणि सरळ करायचे, असे खेळत शिकवले की ते पट्टीसह पाय मारायला शिकते आणि रडणे थांबते. रडते म्हणून बूट काढले, तर 'रडले की सुटका होते' हे बाळ एका रात्रीत शिकते. पट्टीला जुन्या कापडाची जाड घडी गुंडाळावी, म्हणजे शेजारी झोपलेल्या आईला आणि बाळाच्या कपाळाला लागणार नाही. साडीच्या झोळीत पट्टी अडकते आणि बाळ कुशीवर दुमडते, म्हणून या काळात लाकडी पाळणा किंवा जमिनीवरचे अंथरूण बरे. त्वचा थोडी लालसर होणे साहजिक आहे. टाचेच्या मागे गडद लाल डाग किंवा फोड दिसला तर बूट सैल आहे आणि टाच घसरते आहे असा त्याचा अर्थ असतो, म्हणून पट्टा सैल न करता नीट आवळावा आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या जागी तेल-मलम लावू नये, त्वचा आणखी मऊ पडते. बोटे बुटाच्या टोकावरून खाली वळू लागली की पुढच्या मापाचा जोड मागावा.

खुब्याचा सांधा

वाकडे पाऊल डोळ्यांना दिसते. निसटलेला खुबा दिसत नाही आणि दुखतही नाही, म्हणून तो जास्त फसवा आहे. काही बाळांत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसलेला नसतो. मुलगी, पहिलटकरणीचे बाळ, घरात कोणाला हा त्रास असणे, आणि गर्भात बाळ खाली ढुंगण किंवा पाय करून असणे, या चार गोष्टींत धोका वाढतो. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, असे आपल्याकडे म्हणतात. पायाळू बाळाचे खुबे तपासून घेतले पाहिजेत, हेही प्रत्येक घरात सांगितले जावे. जन्मानंतर बालरोगतज्ज्ञ दोन्ही मांड्या वाकवून उघडून पाहतात, ती याचीच तपासणी. धोका असलेल्या बाळाची सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करतात, कारण त्या वयात गोळा कूर्चेचा असतो आणि एक्स-रेत दिसत नाही. चार-सहा महिन्यांनंतर एक्स-रे उपयोगी पडतो.

सहा महिन्यांच्या आत कळले तर पाव्हलिक हार्नेस नावाच्या मऊ पट्ट्यांनी पाय वाकवून फाकवलेले ठेवतात आणि बहुतेक खुबे तेवढ्याने वाटीत बसतात. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवून कमरेपासून प्लास्टर घालावे लागते, आणि दीड वर्षानंतर बहुधा मोठी शस्त्रक्रिया लागते. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नाही, एक पाय आखूड वाटतो, किंवा चालायला लागल्यावर मूल एका बाजूला झुकून बदकासारखे डुलत चालते, ही लक्षणे दिसली की त्याच आठवड्यात दाखवावे.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधण्याची पद्धत खुब्यांसाठी वाईट आहे. छाती-हात हवे तर गुंडाळावेत, पण कमरेखाली दुपटे सैल ठेवून पाय बेडकासारखे वाकवायला मोकळे सोडावेत. याउलट मूल कडेवर, दोन्ही बाजूंना पाय टाकून घेण्याची आपली सवय खुब्यांना पोषक आहे, आणि ती टिकवावी.

चालायला लागल्यावरच्या शंका

दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असणे आणि तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना घासणे, हे दोन्ही वाढीचे टप्पे आहेत आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत पाय सरळ होतात. सपाट तळवेही लहानपणी नेहमीचे असतात. मूल चवड्यांवर उभे राहिले की कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर महागड्या बुटांची गरज नसते. बाक एकाच पायात असेल, वाढत असेल, मनगटे जाड दिसत असतील किंवा मूल वयाच्या मानाने खुजे असेल, तर मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा आजार, आहे का हे रक्ततपासणी आणि एक्स-रेने पाहावे लागते. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस औषधाने सुधारतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: मूल गुडघा दुखतो म्हणत असले तरी दुखणे खुब्याचे असू शकते. चार ते आठ वर्षांच्या मुलांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन पर्थीस नावाचा आजार होतो, आणि वयात येणाऱ्या, विशेषतः वजनदार मुलांत तोच गोळा ग्रोथ प्लेटवरून घसरतो. लंगडणे आठवडाभरात गेले नाही तर गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे काढावा, असे पालकांनी स्वतःहून सुचवायला हरकत नाही. वयात येणारे मूल लंगडू लागले असेल तर मात्र आठवडाभर थांबू नये, आणि त्याला चालवत नेऊ नये.

ताप आणि न हलणारा पाय

तापलेले मूल एक पाय किंवा हात अजिबात हलवू देत नसेल, लंगोट बदलताना किंचाळत असेल, किंवा काल चालणारे मूल आज पाय टेकत नसेल, तर सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. या एका बाबतीत तास मोजले जातात. पू सांध्याची कूर्चा खातो, आणि तान्ह्या बाळाच्या खुब्यात तो काही दिवसांत गोळाच नष्ट करू शकतो. अशा मुलाला गावात इंजेक्शन देऊन दोन दिवस वाट पाहू नये, शेक-मालीश करू नये. जिथे रात्रीही मुलांना भूल देऊन शस्त्रक्रिया होते, अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. तान्ह्या बाळाला ताप नसतानाही हे होऊ शकते, तेव्हा न हलणारा अवयव हेच लक्षण पुरे मानावे. ताप नसताना, दुखत नसताना पाय किंवा हात अचानक लुळा पडला तरीही सरकारी दवाखान्यात लगेच कळवावे. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला असला तरी पंधरा वर्षांखालील अशा प्रत्येक मुलाची तपासणी आजही केली जाते.

कोपराजवळचे हाड मोडल्यावर

आंबे-जांभळांच्या दिवसांत आमच्या भागात झाडावरून पडलेली मुले फार येतात. हात पुढे टेकवून पडले की पाच-सात वर्षांच्या मुलाचे कोपराच्या लगेच वरचे हाड मोडते. या जागी रक्तवाहिनी आणि नसा हाडाला चिकटून जातात, म्हणून ही मोड मुलांच्या मोडींमध्ये सर्वांत जपून हाताळावी लागते. हात आहे त्या स्थितीत, वर्तमानपत्राच्या जाड घडीचा आधार देऊन, ओढणीने गळ्यात अडकवावा. सरळ करू नये, चोळू नये. बांगड्या, कडे, दोरा लगेच काढावा, नंतर सुजेमुळे निघत नाही. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. शेवटचे कधी खाल्ले ते लक्षात ठेवावे.

हाडवैद्याकडे नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिथे बरे झालेल्यांची नावे प्रत्येक गावात सांगितली जातात. मी कोणाच्या श्रद्धेला दुखवू इच्छित नाही, पण मुलाचे कोपर तिथे नेऊ नये, हे मी हात जोडून सांगते. कामट्या लावून घट्ट बांधलेल्या हातात सूज वाढली की स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. मग बोटे कायमची आत वळलेली राहतात. शेजारच्या गावातील एका मुलीचा हात मी असा पाहिला आहे. ती आता डाव्या हाताने लिहिते, आणि उजव्या हाताची मूठ उघडायला दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करते. पट्टी कोणीही बांधलेली असो, रुग्णालयातले प्लास्टर असो, दुखणे औषध देऊनही वाढत असेल, बोट हलकेच सरळ केल्यावर मूल कळवळत असेल, बोटे थंड किंवा बधिर असतील, तर त्याच क्षणी बांधलेले सगळे सोडवून घेण्यासाठी जावे. हाड बसवून तारा घातल्यास त्या साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात. त्यानंतर कोपर मुलाला स्वतःहून हलवू द्यावे. तेलाने चोळून, ओढून सरळ केल्यास सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर आखडते.

कुठे जावे आणि कोणते कागद ठेवावेत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत क्लबफूट व खुब्याचा जन्मदोष या दोन्हींचा समावेश आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पथक येण्याची वाट न पाहता आशाताईंना सांगून जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी घ्यावी. बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो ते, आणि केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणे आहेत. निपाणी, चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा मिरज जवळ पडते, आणि खानापूरकडच्यांना हुबळी किंवा गोव्यातील बांबोळीचे सरकारी रुग्णालय. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत परळचे वाडिया बाल रुग्णालय आणि बेंगळुरूची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था या मुलांच्याच संस्था आहेत. बेंगळुरूला बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीतून पोहोचता येते. कोठेही जाण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारावेत: मुलांच्या हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, क्लबफूटचे प्लास्टर कोणत्या दिवशी घालतात, आणि पट्टीचे बूट तिथेच मिळतात का. दर आठवड्याला जायचे असल्याने, उपचार सारखाच असेल तर मी नेहमी जवळच्या ठिकाणाची बाजू घेते. दूरच्या नामांकित रुग्णालयात सुरू करून ऊसतोडीच्या दिवसांत तिसऱ्या प्लास्टरला सोडून दिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण तातडीची वेळ सोडल्यास मोठ्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी आधी लागते. ती चिठ्ठी न घेता थेट खासगी रुग्णालयात दाखल होणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली घेतला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणाऱ्यांनी दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, गावाचे नाव, आपली कागदपत्रे आणि त्या उपचाराचा समावेश यांची खात्री करून घ्यावी.

सीमाभागात आणखी एक अडचण येते, ती नावांची. जन्मदाखला कन्नडमध्ये, आधार एका वर्णलेखनात, रेशन कार्डावर आडनाव दुसऱ्याच तऱ्हेने, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णालयाच्या कागदावर मराठीत तिसरेच. यावरून मंजुरी अडकते. पहिल्याच दिवशी केसपेपरवर नाव आधारप्रमाणे, एकेक अक्षर तपासून लिहून घ्यावे. डॉक्टर किंवा परिचारिका कन्नडमध्ये बोलत असतील आणि एखादी सूचना कळली नसेल, तर मान हलवून बाहेर येऊ नये. 'मराठीतून किंवा हिंदीतून पुन्हा सांगा' असे म्हणावे, आणि बुटांचे तास, पुढची तारीख व धोक्याची लक्षणे कागदावर लिहून मागावीत.

सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावेत आणि प्रत्येक प्लास्टरपूर्वी पावलाचा समोरून व मागून एकेक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण डॉक्टर बदलले तर नव्या डॉक्टरांना हेच फोटो सर्वांत जास्त सांगतात. एक्स-रेची फिल्म घडी न घालता, सुरळी न करता, गादीखाली सपाट ठेवावी आणि मूल वाढून थांबेपर्यंत एकही टाकू नये; खुब्याच्या डॉक्टरांना दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षीची फिल्म शेजारी ठेवून पाहायची असते.